फिरत्या दंडांचे कंपन व आधार : भिवंडीच्या यंत्रमागांच्या संदर्भात

शक्ती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणाऱ्या व स्वतःभोवती फिरणाऱ्या लांबट, वर्तुळाकार छेदाच्या यांत्रिक भागाला दंड म्हणतात. कारखान्यांत तो ‘शाफ्ट’ या नावाने ओळखला जातो. दंड ज्यांच्यात टेकून फिरतो त्या भागांना धारवे (व्यवहारात बेअरिंग) म्हणतात. कोणताही दंड पूर्णपणे समतोल नसतो. त्याचा गुरुत्वमध्य भ्रमणाक्षापासून केसभर तरी बाजूला असतो आणि फिरताना निर्माण होणारी केंद्रोत्सारी प्रेरणा त्याला वाकविण्याचा प्रयत्न करते. वाकलेला दंड आपल्या प्रत्यास्थतेमुळे पुन्हा सरळ होऊ पाहतो. ज्या वेगाला या दोन प्रेरणा परस्परांना तुल्य होतात त्या वेगाला दंडाचे वाकणे बेसुमार वाढते. त्या वेगास क्रांतिक वेग असे म्हणतात.

क्रांतिक वेग हा केवळ दंडाच्या जाडीचा, लांबीचा व धातूचा गुण आहे, अशी समजूत फार काळ होती. तोच दंड वेगळ्या धारव्यांत, वेगळ्या भिंतीवर वा वेगळ्या जमिनीवर बसविला की त्याचा क्रांतिक वेग बदलतो, ही गोष्ट हळूहळू लक्षात आली. मुंबईच्या गिरण्यांतून भिवंडीच्या खोल्यांत गेलेल्या मागांचा इतिहास हे तिचे बोलके उदाहरण आहे. तेथे यंत्र तेच राहिले. बदलला तो आधार.

*शास्त्राचा उगम.* फिरत्या दंडांचा प्रश्न प्रथम कापडाच्या गिरण्यांनीच उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मँचेस्टरच्या गिरण्यांतील शक्तिवाहक दंड जाड, चौकोनी छेदाचे व संथ होते. ते मिनिटाला सु. ४० फेरे करीत. विल्यम फेअरबेर्न व जेम्स लिली यांनी १८१७ नंतर त्यांच्या जागी घडीव लोखंडाचे हलके व वेगवान दंड बसविण्यास सुरुवात केली. लोखंडाची बचत झाली आणि कप्प्यांचा आकारही लहान झाला, पण सडपातळ दंड वेगात थरथरू लागले. १८६९ मध्ये विल्यम जॉन मॅक्वोर्न रँकिन यांनी या विषयावरील पहिला सैद्धांतिक लेख लिहिला. विशिष्ट वेगापलीकडे दंड स्थिर राहूच शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकीचा होता, पण रँकिन यांच्या अधिकारामुळे पुढील वीस-पंचवीस वर्षे अभियंते क्रांतिक वेगाच्या खालीच राहिले.

या समजुतीला पहिला धक्का स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी दिला. त्यांचे छोटे वाफ टरबाइन मिनिटाला सु. ३०,००० फेरे करी. एवढ्या वेगाला न वाकणारा जाड दंड करण्याऐवजी त्यांनी मुद्दामच बारीक व लवचिक दंड वापरला. क्रांतिक वेग ओलांडताना तो क्षणभर थरथरे व नंतर शांत होई. असे का होते, हे १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट फपल यांनी गणिताने दाखविले. क्रांतिक वेगाच्या वर गेल्यावर चकतीचा गुरुत्वमध्य भ्रमणाक्षाकडे सरकतो व दंड आपोआप स्थिरावतो. फपल यांचा लेख इंग्रजी भाषिक जगात फारसा वाचला गेला नाही. तेथे हेच विवेचन हेन्री जेफकट यांच्या १९१९ च्या लेखानंतर सर्वमान्य झाले, आणि आजही या मूलभूत प्रतिकृतीला जेफकट यांचेच नाव आहे. फपल यांच्यावर हा अन्यायच म्हटला पाहिजे.

गिरणीच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे काम मात्र स्टॅन्ली डंकर्ली यांचे आहे. मँचेस्टरच्या ओएन्स कॉलेजात ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कप्प्या बसविलेल्या दंडांवर प्रयोग केले व १८९४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दंडाची टोके मोकळी टेकलेली आहेत की घट्ट आवळलेली, तो दोन धारव्यांवर आहे की अनेक, कप्पी दोन धारव्यांच्या मध्ये आहे की बाहेर लोंबती, अशा निरनिराळ्या आधारस्थिती त्यांनी स्वतंत्रपणे तपासल्या. नुसत्या दंडाचा आणि प्रत्येक कप्पीचा क्रांतिक वेग वेगवेगळा काढून त्यांच्या वर्गांच्या व्यस्तांची बेरीज करावी, म्हणजे एकूण क्रांतिक वेगाच्या वर्गाचा व्यस्त मिळतो, हा त्यांचा नियम कागद-पेन्सिलीने वापरता येतो. त्याने मिळणारा वेग खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, म्हणजे चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते.

*आधारही हलतो.* डंकर्ली यांच्या गणितात धारवा जागचा हलत नाही. चार्ल्स पार्सन्झ यांनी मात्र १८८४ च्या आपल्या पहिल्या वाफ टरबाइनमध्येच धारवा थोडा हलेल अशी योजना केली होती. त्या यंत्राचा दंड मिनिटाला सु. १८,००० फेरे करी. धारव्याभोवती त्यांनी चकत्यांची एक मालिका बसविली. तिच्यातील एकाआड एक चकती धारव्याला व उरलेल्या बाहेरच्या कवचाला चिकटून असत आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून ठेवी. दंड थरथरला की चकत्या घासत व थरथर उष्णतेच्या रूपाने जिरून जाई. आधार लवचिक असावा, पण त्याने ऊर्जाही शोषावी, हे तत्त्व येथे सिद्धांताच्या कितीतरी आधी वापरलेले दिसते.

धारव्यातील तेलाचे कार्यही याच सुमारास उलगडले. १८८३ मध्ये बोशँप टॉवर यांना प्रयोग करताना धारव्यावरील तेलाचे छिद्र बुचाने बंद करावे लागले, पण तेलाने ते बूच बाहेर ढकलून दिले. फिरता दंड तेल ओढून नेतो व त्याच्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे यावरून कळले. रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये त्याची समीकरणे मांडली. म्हणजे दंडाचा खरा आधार धातूचा नसून तेलाच्या पातळ पटलाचा असतो. १९२४-२५ मध्ये अमेरिकेत बर्ट न्यूकर्क यांना असे आढळले, की काही संपीडक यंत्रांचे दंड उत्तम समतोल करूनही क्रांतिक वेगाच्या वर भयंकर झोके खातात. कारण दंडावर आवळून बसविलेल्या भागांतील घर्षणात होते. तेलाच्या पटलामुळेही असे झोके उद्भवतात, हे त्यांनी पुढच्याच वर्षी दाखविले. समतोल सुधारून काही साधले नाही. धारव्याचा आधार लवचिक व कंपशोषक केल्यावर दोष थांबला. ऑरेल स्टोडोला यांनी तेलाचे पटल स्प्रिंगसारखे धरून गणित केले. १९४४-४५ मध्ये मिक्लेस्टाड व प्रोल यांच्या पद्धतींमुळे अनेक चकत्यांच्या दंडांचे क्रांतिक वेग पायरीपायरीने काढता येऊ लागले आणि १९६० नंतर यॉर्गन लुंड यांच्या कामामुळे धारव्यांची दृढता व संदमन या गणितात रीतसर समाविष्ट झाले. १९७४ च्या आंतरराष्ट्रीय मानक २३७२ मध्येही हा भेद उतरला. दृढ पायावरील मोठ्या यंत्राला सेकंदाला ४·५ मिमी.पर्यंतचा कंपनवेग चालत असे, तर मऊ पायावरील तशाच यंत्राला ७·१ मिमी.पर्यंतचा. हे मानक मात्र मिनिटाला ६०० फेऱ्यांपासून पुढच्या यंत्रांसाठी होते. भिवंडीतील मागाचा दंड त्याच्या कक्षेत कधी आलाच नाही.

*मुंबईच्या गिरण्या.* कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. तेव्हापासून मुंबईत आलेली यंत्रसामग्री बहुतांशी लँकाशरची होती आणि तिच्याबरोबर ती बसविण्याची रीतही आली. एका मोठ्या वाफ एंजिनाच्या प्रचक्रावरून दोरांनी प्रत्येक मजल्यावरील मुख्य दंड फिरत व त्यावरून चामडी पट्ट्यांनी एकेक यंत्र चाले. सूतकताई बहुमजली इमारतीत होई. विणाई मात्र सामान्यतः करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या एकमजली मांडवात होत असे. यामागे उजेड व दमटपणा ही कारणे होतीच, पण माग इमारत हलवितो हेही गिरणीवाले जाणून होते. मागाचे पाय जमिनीतील दगडी किंवा काँक्रीटच्या पायाशी जखडलेले असत.

टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्राची वीज १९१५ मध्ये गिरण्यांना मिळू लागली. वाफ एंजिनाची जागा विद्युत् चलित्राने घेतली, तरी छताखालचे लांब दंड लगेच गेले नाहीत. एका चलित्रावर एक दंड व त्यावर मागांची रांग ही व्यवस्था पुढेही बराच काळ टिकली.

*भिवंडीतील यंत्रमाग.* ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे कामवारी नदीकाठचे जुने व्यापारी गाव. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांमुळे येथील हातमागाचा धंदा वाढला. महाराष्ट्रात यंत्रमाग त्याआधी इचलकरंजीत आला होता. तेथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला. भिवंडीत १९३० नंतरच्या दशकात यंत्रमाग सुरू झाले व त्याचे श्रेय सामान्यतः खानसाहेब समद शेठ यांना दिले जाते. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग स्वस्तात मिळत. तीन-चार दशके चाललेला माग विकत घ्यावा, झिजलेले भाग बदलावे आणि तो खोलीत, ओसरीवर किंवा पत्र्याच्या मांडवात उभा करावा, अशी या धंद्याची रीत होती. मागाबरोबर त्याचा पाया मात्र येत नसे.

छताखालच्या लांब दंडाच्या बाबतीत या फरकाचा परिणाम आकड्यांनी दाखविता येतो. समजा, ५० मिमी. व्यासाचा पोलादी दंड २·४ मी. अंतरावरील धारव्यांवर मोकळा टेकला आहे. त्याचा क्रांतिक वेग मिनिटाला सु. १,०५० फेरे येतो. मध्यावर २५ किग्रॅ.ची कप्पी बसविली, तर डंकर्ली यांच्या नियमाने तो सु. ६८० होतो. असा दंड मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर भीतीचे कारण नाही. आता मधला एक धारवा ज्या लाकडी तुळईवर टांगला आहे ती तुळई वाकली किंवा त्याचे बोल्ट ढिले झाले असे समजू. धारवा डोळ्यांना जागेवरच दिसतो, पण आधार देत नाही. दोन धारव्यांतील अंतर ४·८ मी. होते. अंतर दुप्पट झाल्यावर नुसत्या दंडाचा क्रांतिक वेग चौथाई, म्हणजे सु. २६० फेरे उरतो आणि मध्यावरील त्याच कप्पीसह तो सु. २०० वर येतो. दंड नेमका त्याच वेगाने फिरत असतो. दंड तोच, कप्पी तीच, वेगही तोच. एका बोल्टाने सुरक्षित यंत्र धोकादायक होते. गिरणीत हे धारवे तपासण्यासाठी स्वतंत्र माणूस असे. दहा-बारा मागांच्या कारखान्यात हे काम जॉबरच्या वाट्याला येई आणि तो एका दिवसात अनेक कारखाने पाहात असे. लोखंडी सळईचे एक टोक धारव्याला व दुसरे कानाला लावून आतली खरखर ऐकणे, हेच त्याचे कंपनमापन होते. अनुभवी जॉबरचा कान यात फारसा चुकत नसे, परंतु तुळई किती वाकते हे सळईतून ऐकू येत नाही.

*मागाचे दंड.* साध्या धोट्याच्या मागात दोन मुख्य दंड असतात. वरचा भुजादंड एका फेऱ्यात फणीची चौकट एकदा पुढे-मागे नेतो व बाण्याचा धागा कापडात ठोकतो. खालचा दंड त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यावरील उंचवटे धोट्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी मारतात. मिनिटाला साधारणपणे १२० ते १८० धागे घातले जातात. भुजादंडाचा वेग त्याच्या क्रांतिक वेगाच्या आसपासही नसतो, म्हणून तो स्वतः झोके खात नाही. त्रास होतो तो त्याला जोडलेल्या चौकटीमुळे. ती जड असून प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबते व उलटी फिरते. चौकटीचे वस्तुमान ५० किग्रॅ., तिच्या आंदोलनाचा परमप्रसर ७ सेंमी. व वेग मिनिटाला १५० धरला, तर तिची प्रेरणा जास्तीत जास्त सु. ८८ किग्रॅ. वजनाइतकी येते. वेग १८० केला तर ती १२७ होते. पंचमांश नव्हे, तर जवळजवळ दीडपट वाढ! उत्पादन वाढविण्यासाठी कप्पी बदलून मागाचा वेग वाढविणाऱ्यांच्या ध्यानात हे क्वचितच येते.

ही प्रेरणा भुजादंडाच्या धारव्यांतून मागाच्या चौकटीत, तेथून फरशीत व अखेर इमारतीत जाते. मिनिटाला १५० म्हणजे सेकंदाला २·५ कंपने. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १८९३ च्या १९८४ च्या आवृत्तीत चौकटी इमारतीचा कंपनकाल अंदाजण्यासाठी मजल्यांच्या संख्येला ०·१ सेकंदाने गुणण्याचा नियम आहे. त्यानुसार चार मजली इमारतीचा काल ०·४ सेकंद, म्हणजेच कंप्रता सेकंदाला २·५ येते. माग व इमारत यांची कंप्रता एकच झाली की अनुस्पंदन होते. विटांच्या भिंतींमुळे इमारत अधिक दृढ असते व तिची खरी कंप्रता याहून जास्त निघते, पण मागाच्या प्रेरणेत मूळ कंप्रतेच्या दुपटीचाही अंश असतो, त्यामुळे सुटका होतेच असे नाही. मुंबईच्या एकमजली मांडवात हा प्रश्न उद्‌भवला नव्हता. भिवंडीत जागेच्या टंचाईमुळे माग वरच्या मजल्यांवरही चढले आणि त्यांच्या शेजारी किंवा वरखाली माणसे राहू लागली.

माग एकापेक्षा अधिक असले की आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक मागाला वेगळे चलित्र असल्यामुळे त्यांचे वेग जवळजवळ सारखे असतात, पण अगदी सारखे नसतात. एक १५० व दुसरा १५२ ने चालत असेल, तर ते दर अर्ध्या मिनिटाने एकदा एकत्र ठोकतात व मध्यंतरी एकमेकांच्या विरुद्ध. वरच्या मजल्यावरील भांडी थोडा वेळ वाजतात, मग शांत होतात, मग पुन्हा वाजतात, ती यामुळे. १६ मागांची सरासरी एकत्रित प्रेरणा एका मागाच्या चौपट, म्हणजे वरील उदाहरणात सु. ३५० किग्रॅ. धरता येते, क्वचित सर्व माग एकाच क्षणी जुळले, तर ती १,४०० किग्रॅ.पर्यंत जाऊ शकते. इमारतीला हा भार सतत, रात्रंदिवस सोसावा लागतो. काँक्रीटमधील लोखंड गंजलेले असेल किंवा भिंतीला तडे असतील, तर ते आणखी वाढण्यास ही कंपने हातभार लावतात. तथापि इमारत कोसळली की कंपनालाच एकमेव कारण ठरविणे शास्त्रीय नव्हे.

मागाच्या पायाखाली रबराचे तुकडे घालण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्यांचा उपयोग मर्यादित आहे. सेकंदाला २·५ कंपने अडवायची तर मागाची रबरावरील नैसर्गिक कंप्रता सु. १·८ च्या खाली आणावी लागते आणि त्यासाठी मागाच्या वजनाने रबर सु. ८ सेंमी. दबले पाहिजे. एवढ्या मऊ आधारावर माग झोपाळ्यासारखा हलेल व कापड विणता येणार नाही. एक-दोन सेंमी. जाडीचे रबर धोट्याच्या माराचा कर्कश भाग व फरशीतून पसरणारा आवाज कमी करते. इमारतीचे मुख्य डोलणे त्याने थांबत नाही. माग तळमजल्यावर, जमिनीत घातलेल्या जड काँक्रीटच्या पायावर ठेवणे हाच खरा उपाय. ते शक्य नसेल तेथे चौकटीच्या हालचालीची दिशा इमारतीच्या लांब व अधिक दृढ बाजूला समांतर ठेवणे किंवा वेग थोडा बदलून इमारतीच्या कंप्रतेपासून दूर नेणे, या गोष्टी विनाखर्च करता येतात.

आधाराचा दोष कापडातही उमटतो. भुजादंडाचे धारवे बहुधा दोन अर्ध्या वाट्यांचे साधे धारवे असतात. त्यांना वेळेवर तेल मिळाले नाही व ते झिजले की दंडाला खेळ येतो, फणीचा ठोका कधी कमी तर कधी जास्त पडतो आणि कापडात दाट-विरळ पट्टे दिसू लागतात. व्यापारी असे कापड कमी भावाने घेतो. ठोकताना प्रेरणेची दिशा सतत बदलत असल्याने झिजलेल्या वाटीत दंड आदळतो व झीज अधिक वेगाने वाढते.

*१९८२ नंतर.* मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. गिरण्या बंद असल्याने कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणात यंत्रमागांकडे वळले, आणि पुढे कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांची यंत्रेही मोडीत निघाली. भिवंडीचा विस्तार या काळात झपाट्याने झाला. याच दशकांत देशातील मोठ्या वीजकेंद्रांतील, मिनिटाला ३,००० फेरे करणाऱ्या टरबाइनांच्या प्रत्येक धारव्यावर कंपनमापके बसली व मर्यादा ओलांडताच यंत्र बंद करणारी व्यवस्था आली. त्या यंत्रांचा आधार पायाच्या खोदाईपासूनच गणिताने ठरविलेला असे. मागाच्या बाबतीत यांपैकी काहीही घडले नाही. एका मागाची किंमत पाहता ते आर्थिक दृष्ट्या शक्यही नव्हते. पण शेकडो मागांच्या वस्तीत राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा युक्तिवाद अपुरा आहे.

१ एप्रिल १९९९ पासून लागू झालेल्या केंद्र शासनाच्या तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेनंतर धोट्याविना चालणारे माग अधिक प्रमाणात येऊ लागले. धोट्याचा मार त्यांत नसतो आणि फणीची चौकट हलकी व आखूड हालचालीची असते. वेग मात्र जुन्या मागाच्या दुपटी-तिपटीहून अधिक, हवेच्या झोताने चालणाऱ्या मागांत मिनिटाला ६०० च्याही वर असतो. प्रेरणा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे चौकट हलकी करून मिळविलेला लाभ पुष्कळसा खर्ची पडतो, शिवाय कंप्रता सेकंदाला १० च्या आसपास गेल्याने ती इमारतीच्या डोलण्याऐवजी मजल्याच्या लादीच्या कंप्रतेजवळ येते. म्हणून असे माग बसविताना फरशीची सपाटी, काँक्रीटची जाडी व कंपशोषक पट्ट्यांचा प्रकार निर्मात्याच्या आराखड्याप्रमाणे ठेवणे आवश्यक असते. जुन्या बाजारातून आयात केलेल्या मागाबरोबर तो आराखडा क्वचितच मिळतो.